पेटीतला मुराळी

आमच्या जिनिंगमध्ये सरकी काढायची चोवीस यंत्रं एका ओळीत होती. हंगामात ती एकदम चालू झाली की शेजारच्या माणसाला काय हवं ते हातानं खुणावून सांगावं लागे. त्या गोंगाटात मुंजाजी फिटर मधल्या वाटेनं सावकाश चालत जायचा, आणि एखाद्या यंत्रापाशी थांबून बोट वर करायचा. ते यंत्र बंद करून उघडलं की त्याचा चामड्याचा रूळ एका अंगानं झिजलेला निघायचाच. हे त्याला कसं कळतं, असं मी एकदा विचारलं होतं.

"ते कण्हायलंय की, मुनीमजी," तो म्हणाला. "तुमाला ऐकू येत न्हाई व्हय?"

मी तिथं मुनीम होतो. फाटकाशी बसून आलेल्या गाड्या आणि माणसांची हजेरी मांडायचो. मॅट्रिक झालेलो, त्यामुळे शेठजी सोडले तर त्या आवारात इंग्रजी वाचू शकणारा मीच. हजेरीच्या वहीपलीकडे मी कधी फारसं लिहिलं नाही, तेव्हा हे कितपत जमेल ठाऊक नाही. मुंजाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण त्याच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली होती. ती सांगायची तर त्याचं थोडंफार सगळंच सांगायला हवं.

तो उंच होता, खांद्यात थोडा वाकलेला. भुवयांवर कायम कापसाची लव बसलेली असायची, त्यामुळे चाळिशीतच म्हातारा दिसे. सेलूला जिनिंगच्या मागच्या वस्तीत त्याचं घर होतं. बायको कमलबाई, दोन मुलगे. आईवडील वारले होते. पाठची एकच बहीण, कासाबाई. ती पोखर्णीच्या जवळच्या एका खेड्यात दिलेली. तिचं माहेर म्हणजे आता मुंजाजीचंच घर.

नागपंचमीला बहिणीला आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो, ही आमच्याकडची रीत. मुराळी आल्याशिवाय बाई आपल्या पायांनी माहेरी जात नाही. गेली तर सासरचेही नावं ठेवतात आणि माहेरचेही. एक्क्याऐंशी सालच्या पंचमीला मुंजाजी असाच बहिणीकडे गेला होता. ऐन खुरपणीचे दिवस. मेव्हणे दत्तराव रानातून आले ते तापलेलेच. ओसरीवर गावातली चार माणसं बसली होती, त्यांच्यादेखत ते म्हणाले, "रान गवतानं भरलंय, अन् तुमाला झोके सुचायलेत. बिनकामाचे लोक!"

मुंजाजी उठला. बहिणीनं आतून आणलेला पाण्याचा तांब्या तिच्या हातातच राहिला. "आता तुमी बोलवाल तवाच येईन," असं म्हणून तो चालता झाला.

त्यांनी बोलावलं नाही आणि हा गेला नाही. अकरा वर्षं.

श्रावण जवळ आला की कमलबाई घरात भांडी जरा जोरात आपटायच्या. मुंजाजी म्हणायचा, "मला न्हाई का वाटत? पण त्यांनी एक निरोप तर धाडावा." मग तो उठून बाहेर जायचा. मला तो एकदा म्हणाला होता की आता दत्तरावाचा राग राहिला नाही, भीती राहिली आहे. दत्तरावाची नव्हे. "येवढ्या वर्सांनी दारात उभा राहिलो, तर कासा पहिलं काय म्हणंल हो, मुनीमजी?" मला काय ठाऊक असणार?

ब्याण्णव साल उजाडलं. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न अजून सुटलेला नव्हता, आणि या ना त्या बाजूच्या हाकेनं वर्षातून काही दिवस सेलूची दुकानं बंद असायची. स्टेशन रोडला भगवानरावांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. संक्रांतीनंतर त्यांनी औरंगाबादहून एक व्हिडिओ गेमची पेटी आणली. लाकडी कपाटाएवढी पेटी, वर काच, खाली एक दांडा आणि तीन बटणं. रुपयाचं नाणं टाकलं की काचेवरचा माणूस तीनदा मरेपर्यंत खेळ चालायचा. सायकली बाजूला राहिल्या आणि दुकानात पेटीभोवती गर्दी होऊ लागली.

महिन्याभरात तो दांडा अडकायला लागला. भगवानरावांनी मुंजाजीला बोलावलं. आम्ही दोघं पाच वाजता घराकडे निघालो होतो, म्हणून मीही सोबत गेलो. मुंजाजीनं पेटीचं खालचं फळकूट काढलं, आत हात घातला, एक पत्री वाकवली, तेलाचे दोन थेंब सोडले. दांडा मऊ फिरायला लागला.

"तुझा हात म्हंजे हात हाय, फिटर," भगवानराव म्हणाले. "एक डाव खेळून तर बघ. नाणं माझं."

मुंजाजी लाजत लाजत उभा राहिला. खेळ सुरू होण्याआधी काचेवर चित्रं यायची. पहिल्या चित्रात अंगणात एक माणूस आणि एक बाई. दोघांचे केस पिवळेधमक. बाई त्याच्या मनगटावर लाल फीत बांधते. मग काळ्या कपड्यांतले चौघं येतात, बाईला उचलतात आणि डोंगरावरच्या किल्ल्यात घेऊन जातात. माणूस मुठी आवळून किल्ल्याकडे बघतो. खाली इंग्रजी अक्षरं सरकत जातात. मग हाणामारी.

मुंजाजीनं दांड्याला हात लावला नाही. त्याचा माणूस उभा राहून मार खात होता आणि हा काचेकडे बघत होता.

"आरं खेळ की!" भगवानराव ओरडले.

"राखी बांधली का तिनं?" मुंजाजीनं विचारलं.

"काय की. बांधली असंल."

"बहीण हाय त्याची," मुंजाजी म्हणाला. "केस बघितले का? दोघांचे सारखेच. एका आईचे लेकरं हायती." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मुनीमजी, तुमाला येतंय. खाली काय लिवलंय ते वाचा बरं."

भगवानरावांनी दुसरं नाणं टाकलं. चित्रं पुन्हा आली, आणि मी वाचलं. तिथं स्वच्छ लिहिलं होतं की उद्या त्यांचं लग्न होतं, आणि आज त्याच्या वाग्दत्त वधूला पळवून नेलं आहे. दहाबारा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. आणि मुंजाजीचा चेहरा असा झाला होता की त्याच्या आशेवर पाणी फिरवायचं धाडस मला झालं नाही.

"तिला किल्ल्यात डांबून ठेवलंय," मी म्हणालो. "हा तिला आणायला निघालाय."

"मी म्हणलं न्हाई?" मुंजाजी भगवानरावांना म्हणाला. "मुराळी हाय त्यो!"

मी खोटं बोललो नव्हतो. फक्त एक गोष्ट गाळली होती. घरी जाताना मी मनाची समजूत घातली की खेळ सात मजल्यांचा आहे, दुसऱ्या मजल्यापुढे कुणी जात नाही, शेवट कोण बघतोय?

त्या दिवसापासून मुंजाजीनं बिडी सोडून तिचे पैसे पेटीला ठेवले. रोज पाच वाजता सुटी झाली की दुकानात जायचं, एक नाणं टाकायचं, तीन जीव संपले की घरी. दुसरं नाणं कधी टाकलं नाही. तो खेळायचाही वेगळाच. बाकीचे काचेवर डोळे खिळवून दांडा मोडेस्तोवर ओढायचे. मुंजाजी मान एका अंगाला कलती करून ऐकायचा. शत्रू उडी मारणार असला की पेटीतून आधी बारीक कुईं असा आवाज येतो, साखळी फेकणार असला की दोनदा टक टक होतं, हे त्यालाच कळलं होतं. फाल्गुनात तो तिसऱ्या मजल्यावर होता, वैशाखात पाचव्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुटीत तो हे सगळं कामावरच्या लोकांना सांगायचा. ती माणसं आसपासच्या खेड्यांतली, पाच वाजले की सायकली काढून गावाकडे निघणारी. त्यांनी ती पेटी कधी पाहिलीही नव्हती. फाटकाशेजारच्या लिंबाखाली बसून ते ऐकायचे. सगळ्यांत पुढे येडबा. हा रूळ तासायच्या कामाला मुंजाजीचा जोडीदार, आणि जिभेचा तिखट.

"मंग, फिटर? काल कुठवर गेला आपला मुराळी?"

"चौथ्या मजल्यावर. तिथं एक जाडा हाय, उघडा. त्यो सासरा असंल."

"सासरा उघडा कामून?"

"उन्हाळा हाय की."

"अन् त्या तिच्या नवऱ्याचा काई पत्ता?"

"त्यो वर असंल, सातव्या मजल्यावर. मोठं घर हाय त्यांचं."

लोक हसायचे, पण सुटी संपल्याचा भोंगा झाला तरी कुणी उठायचं नाही. मुंजाजीच्या सांगण्यात हाणामारी थोडी आणि बाकीचंच जास्त असायचं. तिला वर जेवायला काय देत असतील? खिडकीतून खालची वाट दिसत असेल का? आपला भाऊ दुसऱ्या मजल्यावरून कितीदा परत गेला, हे तिला कळत असेल का? एकदा येडबा म्हणाला, "तिला कळत असंल तर ती म्हणत असंल, ह्याच्यापरास सासरच बरं." सगळे खो खो हसले. मुंजाजी हसला नाही. म्हणाला, "तेच तर बघायचंय मला. दार उघडल्यावर तिचं तोंड. रडती, का रागं भरती. मजले काय, त्ये होतील."

मी फाटकाशी बसून हे ऐकत असे. रोज वाटे, आज सांगून टाकावं. रोज वाटे, आता फार उशीर झाला. उशीर ही गोष्ट अशी आहे की रोज थोडी थोडी वाढते आणि रोज तिचंच कारण पुढे करता येतं. मुंजाजीचं बहिणीकडे जाणं असंच राहिलं होतं, आणि त्याला खरं सांगणं माझ्याकडून तसंच राहत गेलं.

आषाढात कमलबाई एकदा त्याचा डबा द्यायला फाटकाशी आल्या. मुंजाजी समोरच उभा होता.

"मुनीमजी, तुमीच विचारा ह्यांना," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "पेटीतल्या बहिणीला सोडवायला पाच म्हैन्यापून जायलेत. पोखर्णीला एस.टी. जाती, तिथं मजले बी न्हाईत अन् साखळीवाले बी न्हाईत. तिथं जाया काय झालंय?"

"जातो ना," मुंजाजी म्हणाला. "येवढं एक होऊ दे."

"काय होऊ दे?"

तो डबा घेऊन आत गेला. पण कमलबाईंना जे कळलं नव्हतं ते मला कळलं होतं. पेटीतली बहीण काय बोलते ते त्याला आधी ऐकायचं होतं. मग तो खऱ्या बहिणीच्या दारात जाणार होता.

पंचमीला आठ-दहा दिवस उरले असतील. मुंजाजी सातव्या मजल्यावर पोचला होता आणि दोन दिवस तिथंच मरत होता. तिसऱ्या दिवशी मीही दुकानात गेलो. का गेलो, सांगता येत नाही. पाय तिकडे ओढत होते. सातव्या मजल्यावर काळ्या कोटातला एक राक्षसासारखा माणूस होता, दोन्ही हातांत साखळ्या. मुंजाजीचा शेवटचा जीव चालू होता. गर्दी ओरडत होती, "मार, फिटर, मार!" त्यानं डावा हात वर केला, जिनिंगमध्ये करायचा तसाच. गर्दी चूप झाली. पेटीतून टक टक आलं. मुंजाजी बाजूला सरकला, साखळी भिंतीवर आदळली, आणि त्याच्या पिवळ्या केसांच्या माणसानं एकच ठोसा मारला. काळा कोट खाली पडला आणि लुकलुकून नाहीसा झाला.

दुकानात जल्लोष झाला. भगवानरावांनी मुंजाजीच्या पाठीवर थाप मारली.

"गप बसा," मुंजाजी म्हणाला. "आता बोलंल ती."

किल्ल्याचं दार उघडलं. पिवळ्या केसांची बाई धावत आली आणि त्या माणसाच्या गळ्यात पडली. मुंजाजीचा श्वास मला ऐकू येत होता. मग चित्र बदललं. घंटा वाजायला लागल्या. एक पांढरी इमारत, बाईच्या डोक्यावर पांढरी जाळी, माणसाच्या अंगावर कोट. त्यानं तिच्या बोटात अंगठी घातली. मग दोघांची तोंडं जवळ आली, मध्ये एक लाल बदाम फुगला, आणि दुकानातल्या टारगटांनी शिट्ट्या फुंकल्या.

मुंजाजीनं दांड्यावरचा हात काढला.

त्यानंतर नुसती इंग्रजी नावं वर सरकत राहिली, ज्यांनी खेळ बनवला त्यांची. मग काच काळी झाली. मग पुन्हा पहिलं चित्र. तेच अंगण, तीच लाल फीत. काळ्या कपड्यांतले चौघं आले आणि बाईला उचलून घेऊन गेले.

"परत नेली!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

"ह्यो शेवट हाय?" मुंजाजीनं भगवानरावांना विचारलं.

"मंग अजून काय पायजे? लगीन लागलं, खेळ संपला. जिंकला की तू!"

"अन् ती बोलली कुठं?"

"कोण?"

मुंजाजी वळला तेव्हा त्याची नजर माझ्यावर पडली. मी मान खाली घातली, आणि तेवढ्यानंच त्याला सगळं कळलं असावं. आम्ही बाहेर आलो. रांगेत लावलेल्या सायकलींपाशी तो थांबला.

"तुमाला ठावं व्हतं?"

"होय."

"पहिल्या दिसापून?"

"होय. तिथं लिहिलं होतं."

तो रागावेल असं मला वाटलं होतं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो एका सायकलची घंटी नुसती अंगठ्यानं दाबत राहिला, वाजू न देता.

"मी लेकरू हाय का, मुनीमजी? नवरा-बायको हायती म्हणला असता, तर मी खेळलो नसतो. येवढंच झालं असतं." मग म्हणाला, "मला वाटायचं, दार उघडलं की कळंल. उशिरा आलेल्या भावाला काय म्हणत्यात ते."

"ते त्या पेटीत कुठून कळणार, मुंजाजी?"

"आता कळलं ना मला बी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी तो माझ्या टेबलाशी आला. "उद्या माझी सुटी मांडा. बहिणीकडं जायलोय. तुमची बी मांडा."

"माझी कशाला? मी तिथं काय करू?"

"तिथं मला काई सुचलं न्हाई, तर तुमी बोला. खरं काय ते एक डाव तर बोला."

यावर मला नाही म्हणता आलं नाही.

सकाळच्या गाडीनं आम्ही परभणीला उतरलो, तिथून एस.टी.नं पोखर्णी, आणि पुढे कोसभर पायी. रात्री पाऊस झालेला, काळी माती चपलांना किलो किलो चिकटत होती. मुंजाजीच्या पिशवीत कमलबाईंनी दिलेल्या ज्वारीच्या लाह्या आणि एक खण होता. वाटभर तो पुटपुटत होता. दत्तराव असं म्हणाले तर मी असं म्हणेन, तसं म्हणाले तर तसं. एकदा तर हात वर करून त्यानं कुणाला तरी गप्प बसवलं. मी मागून चालत होतो आणि आपण इथं कशाला आलो, हा विचार करत होतो.

घर पत्र्याचं होतं, पुढं ओसरी. दत्तराव ओसरीवर दोरखंड वळत बसले होते. केस पार पांढरे झालेले. आम्हाला बघून ते उठले, रांजणातून स्वतः तांब्या भरून आणला आणि मुंजाजीच्या पायांवर पाणी घातलं.

"या, पाव्हणं. लय दिसानं."

बस्स, एवढंच. मुंजाजी उभाच राहिला. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य इथं उपयोगाचं नव्हतं.

"कासाला न्यायला आलो," तो अखेर म्हणाला.

"मंग न्या की."

"तुमी म्हणलाव तर."

"मी कवा न्हाई म्हणलो?"

मुंजाजीनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "दाजी, तुमी चार माणसांत म्हणला व्हता. झोके सुचायलेत म्हणून. बिनकामाचे लोक म्हणून."

दत्तराव दोरखंड हातात धरून विचार करत राहिले. ते उगाच सोंग करत नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. माणूस खरंच आठवत होता.

"कवा?"

"एक्क्याऐंशी साली."

"म्हणलो असंल," ते म्हणाले. "त्या साली बैल मेला व्हता माझा. कुणाकुणाला काय काय म्हणलो, कुणाला ठावं?" मग मान वर करून, "त्याच्यावर गेला व्हता तुमी?"

मुंजाजी ओसरीच्या कडेवर बसला. अकरा वर्षं त्यानं ज्या माणसाशी मनात भांडण चालवलं होतं, त्या माणसाला त्या भांडणाची खबरच नव्हती.

तेवढ्यात कासाबाई रानातून आली. डोक्यावर ओल्या गवताचा मोठा भारा, दोन्ही हात वर धरलेले, पदर कमरेला खोचलेला. अंगणात तिला भाऊ दिसला आणि ती जागच्या जागी थांबली. भाऱ्याचं पाणी तिच्या कपाळावरून ओघळत होतं. मुंजाजी उठून उभा राहिला.

"भारा उतरू लाग," ती म्हणाली.

त्यानं पुढं होऊन भाऱ्याला हात लावला. दोघांनी मिळून तो खाली टेकवला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली. थोड्या वेळानं परातीत पीठ मळल्याचा आवाज यायला लागला.

आम्हाला चुलीपुढेच जेवायला वाढलं. ती भाकरी थापत होती, तोंड चुलीकडे. बोलली तीही चुलीकडेच बघून.

"पंचमी आली की गावातल्या समद्या बाया जायच्या. मी त्यांच्या पोरींच्या वेण्या घालून द्यायचे. ह्यांनी दोन डाव म्हणलं, चल, मी पोचवून येतो. मीच न्हाई गेले."

"कामून?" मुंजाजीनं विचारलं.

"तू येतो का न्हाई ते बघायचं व्हतं."

"आलो की, कासा."

"आलास." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आता मला येळ न्हाई. चार एकर खुरपायचं राहिलंय. पोरीला बघायला पाव्हणे यायचेत. दिवाळीला ये. आलास तर येईन."

तिनं लाह्या डब्यात ओतल्या, खण घडी मोडून बघितला, पुन्हा घडी घालून कोनाड्यात ठेवला. ती रडली नाही. मुंजाजीही रडला नाही. चौथी भाकरी तो नको नको म्हणत असताना तिनं त्याच्या ताटात टाकली, आणि त्यानं ती खाल्ली.

परतताना एस.टी.त तो खिडकीशी बसला होता. परभणी जवळ आल्यावर म्हणाला, "रागावली का हो ती?"

मला खोटं सहज सुचलं होतं. तिचं मन मोकळं झालं असेल, वगैरे. पण या वेळी मी ते गिळलं.

"रागावली," मी म्हणालो.

"लय?"

"लय."

त्यानं मान हलवली. "बरं हाय," म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुटीत येडबानं त्याला धरलं. पेटीवरचा डाव मुंजाजीनं जिंकला, एवढी बातमी खेड्यांपर्यंत पोचली होती. पुढचं कुणाला ठाऊक नव्हतं.

"फिटर, शेवट सांग. पाच म्हैने लटकवलंय आमाला."

मुंजाजीनं बशीत चहा ओतला. मला वाटलं, आता हा लग्नाचं सांगणार. त्यानं एक घोट घेतला.

"काळ्या कोटवाला पडला. दार उघडलं. बहीण आली."

"रडायला लागली?"

"न्हाई. डोक्यावर गवताचा भारा व्हता तिच्या."

"किल्ल्यात गवत?"

"जनावरं असत्याल की त्यांची."

"बरं, मंग? काय म्हणली?"

"भारा उतरू लाग म्हणली."

"अन् मंग?"

"उतरला."

येडबानं आजूबाजूला बघितलं. "सात मजले हाणामारी करून भारा उतरला? ह्यो काय शेवट झाला, फिटर? गळ्यात न्हाई पडली? शिव्या तरी घातल्या?"

"भाकरी केली तिनं. मंग जरा बोलली."

"घरी तर आणली का?"

"दिवाळीला ये म्हणली."

"हात् तिच्या मायला!" येडबानं उरलेला चहा मातीत ओतला. "ह्याच्यापरास पारावरचं म्हातारं बरं सांगतंय. मुनीमजी, तुमी व्हता म्हणं तिथं. खरंच असंच झालं?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"होय," मी म्हणालो. "अगदी असंच झालं. मी पाहिलं."

लोक कुरकुरत उठले. त्या दिवशी भोंगा व्हायच्या आधीच सगळे आपापल्या कामाला लागले.

त्यानंतर मुंजाजी पेटीवर खेळला नाही. दांडा अडकला की भगवानराव बोलवायचे, तो जाऊन नीट करायचा आणि फळकूट बसवून निघून यायचा. दिवाळीला तो एकटाच बहिणीकडे गेला आणि तिला घेऊन आला. चार दिवस ती राहिली. पहिल्या दिवसापासूनच तिनं मुंजाजीला एक्क्याऐंशीपासून एकेका पंचमीचा जाब विचारायला घेतला, कोणत्या साली काय झालं, कोण आजारी होतं, कोण काय बोललं. वस्तीतल्या बायका कुडाला कान लावून ऐकत होत्या, असं कमलबाई सांगायच्या. तिसऱ्या दिवशी भाऊबीज होती. मला फराळाला बोलावलं होतं. मुंजाजी पाटावर बसला होता, नवी टोपी घालून, मान खाली घालून. कासाबाई ओवाळणीचं ताट हातात घेऊन उभी होती, निरांजनाची वात दोनदा विझून पुन्हा लावावी लागली होती, आणि ती अजून शहाऐंशी सालापर्यंतच पोचली होती.